पुसेगावचा विस्तव, हिंगोलीची चूल

हे नागनाथा, औंढ्याच्या राया! तुझ्या भाळी विस्तव आहे आणि माथ्यावर पाणी आहे. विस्तव सुटला तर त्रिभुवनाची राख होईल, म्हणून तू त्याला पापणीआड झाकतोस. पाणी सुटले तर पृथ्वी वाहून जाईल, म्हणून तू त्याला जटेत अडवतोस. विस्तव कधी जपावा आणि पाणी कधी सोडावे, हे तुझ्यावाचून कोणाला कळावे? तरीही देवा, तुझ्याच मुलखातल्या एका बाईला ते ऐन क्षणी कळले. शास्त्र तिने ऐकले नव्हते, अक्षर तिला ठाऊक नव्हते. तिचे हे आख्यान या जिभेवरून सरळ, गोड आणि खरे उतरो, एवढेच मागणे.

त्या बाईचे नाव शकुबाई. माहेर डोंगरकड्याचे, सासर पुसेगावचे, आणि जीव मात्र हिंगोलीत अडकलेला! नऊ वर्षांची असताना बापाने तिला दसऱ्याच्या जत्रेला हिंगोलीस नेले होते. बापाच्या खांद्यावर बसून तिने आगगाडीचे इंजिन पाहिले. ते काळे धूड फुसफुसत आले, डबे सोडून मोकळे झाले, लोखंडी सोंडेखाली उभे राहून पोटभर पाणी प्याले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा डब्यांना जुंपले गेले.

"बाबा, ते पुढं काहून जात न्हाई?"

"पुढं रूळच न्हाईत, लेकरा. हिंगोली आली की गाडीची वाट सरली."

बाप सहज बोलून गेला, पण पोरीने ते बोल काळजात जपून ठेवले. जिथे आगगाडीसुद्धा थांबते, ते गाव केवढे असेल! हैदराबाद पाहिलेला माणूस हिंगोलीला हसेल. म्हणेल, दोन बाजार, चार गल्ल्या आणि एक स्टेशन. हसो बापडा! ज्याने समुद्र पाहिला त्याला तळे लहान. पण तहानलेल्याला तळ्यात समुद्रच दिसतो.

लग्न होऊन ती पुसेगावी आली. नवरा संतराम, मोजके बोलणारा, हाताचा खंबीर. सासू कौसाबाई, विधवा, ताठ कण्याची, तोंडाने तिखट आणि पोटात मायेची. जमीन थोडी, कोरडवाहू. ती चुलतभाऊ ग्यानबा बटईने करी. संतराम दोन हंगाम हिंगोलीच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाऊन कापसाच्या गाठी बांधत असे. निजामी फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसच्या, कार्तिकात जिनाच्या मुकादमाने त्याला सांगितले, "तुझी गाठ सुटत नाही. बारमाही राहा. बिऱ्हाड घेऊन ये." ही वार्ता घरी आली तेव्हा शकुबाई भाकरी थापत होती. तिची बोटे तव्याला टेकली, भाजली, तिला कळलेसुद्धा नाही!

कौसाबाई मात्र कडाडल्या. "हिंगोली, हिंगोली! काय ठिवलंय तिथं? सरपण इकत, भाजी इकत, सारवायला शेणसुदिक इकत!"

"शेण इकत घ्यावं लागंल, आत्याबाई," शकुबाई हळूच म्हणाली, "पर आगगाडी फुकट दिसती."

ओसरीवर बसलेला ग्यानबा खो खो हसला. कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की डोळे पुसायला, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मग त्या उठल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

त्या चुलीची थोरवी सांगितली पाहिजे. घरात काडीपेटी नव्हती असे नाही. पण कौसाबाई म्हणत, काडीचा विस्तव म्हणजे अनाथ विस्तव, त्याला ना माय ना बाप. त्यांच्या चुलीतला विस्तव त्यांना सासूने दिलेला, सासूला तिच्या सासूने. रोज सांजेला जेवणे झाली की बाभळीचा निखारा राखेत निजवायचा. पहाटे राख बाजूला सारायची, हळूच फुंकर घालायची आणि विचारायचे, "जागा झाला का रं बाबा?" आणि तो लाल डोळा उघडायचा! असा कुळाचा दिवा, कुळाचा देव, त्या काळ्या चुलीत नांदत होता.

"ऐका," कौसाबाई म्हणाल्या. "तुमची वाट मी अडवत न्हाई. पर माझी एक अट हाय. ह्या चुलीतला विस्तव संगं न्यायचा. हिंगोलीत तुमच्या उंबऱ्याच्या आत त्यो जिता पोचला, तर समजीन, कुळदैवताला तुमचं जाणं मानवलं. वाटंत इझला, तर तिथूनच गाडी फिरवायची आन् घरी यायचं. कबूल?"

संतराम मातीकडे पाहत राहिला. शकुबाईने चुलीवर हात ठेवला. "कबूल, आत्याबाई."

सगळे जन्मभराचे स्वप्न एका निखाऱ्यावर येऊन टेकले!

मार्गशीर्षातल्या पहाटे ग्यानबाची गाडी निघाली. कौसाबाईंनी आपल्या हातांनी गाडगे भरले. तळाशी राख, वर धुमसती गोवरी, तिच्या पोटात दोन निखारे, पुन्हा राख, आणि झाकणाला श्वासापुरते छिद्र. शकुबाईने ते मांडीवर घेतले ते असे, की बैल बिचकला तर ती पडेल, गाडगे पडणार नाही.

"वैनी," ग्यानबा मागे वळून म्हणाला, "असं पोटाशी धरलंय, बारशाला बोलवा म्हंजे झालं!"

"बोलवीन की, भावजी. घुगऱ्या तुमच्याच गाडीतून आणीन. तवर मागं बगू नका, रस्ता बगा."

कयाधूच्या पाण्यात बैल प्याले. शकुबाईने झाकण किलकिले केले, फुंकर घातली. लाल डोळा उघडला. तिने हात जोडले. पुढे ऊन चढले, ज्वारीची ताटे वाऱ्याने सळसळू लागली, आणि दुपार कलताना क्षितिजावर एक उंच धुराडे दिसले.

"ते काय वो?"

"आपलं जीन," संतराम म्हणाला. आपलं! त्या एका शब्दाने शकुबाईच्या अंगावर रोमांच उभे राहिले. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके लटकत होते. तिने डोळे विस्फारले. "अवो, हितं बाभळीला बी कापूस लागतो व्हय?"

"गाड्यांतनं उडालेला हाय त्यो," संतराम हसला. लग्नानंतर इतके मोकळे हसताना तिने त्याला पहिल्यांदा पाहिले.

आणि मग ती रांग आली. गाड्या, गाड्या, गाड्या! सेनगावाकडच्या, जवळ्याच्या, कुठकुठल्या. प्रत्येक गाडीवर कापसाचा डोंगर, जणू पांढरे ढग बैलांना जुंपून मातीवर आणले होते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे काटेरी कुंपण. ग्यानबाची गाडी त्या रांगेत शिरली, मागून आणखी गाड्या येऊन भिडल्या, चाकाला चाक लागले. शकुबाई आनंदाने इकडे पाहते, तिकडे पाहते, गाडग्याच्या छिद्रातून धुराची रेघ वर जाते, तिकडे तिचे लक्ष नाही!

लक्ष गेले ते जिनाच्या पहारेकऱ्याचे. रूपसिंग त्याचे नाव. आजोबा उत्तरेकडून हिंगोलीच्या लष्करी छावणीत आले आणि इथलेच झाले. डोक्याला मुंडासे, हातात काठी, नाक घारीच्या चोचीसारखे.

"ए गाडीवान! धुआँ कहाँ से आता है?"

"चुलीचं गाडगं हाय, जमादार," ग्यानबाने भोळेपणाने सांगितले.

"चूल्हा? अरे बाबा, चूल्हा लेके आए हो कपास की लाइन में!"

क्षणात हलकल्लोळ! पुढच्या गाडीवाला उडी टाकून खाली आला. कोणी ओरडला, "इस्तू हाय, इस्तू!" कोणी म्हणाला, "हाना त्या गाडीवाल्याला!"

संतरामचा चेहरा पांढरा पडला. दोन हंगाम तो इथे राबला होता. बिडी-काडी दारावर ठेवायची, अंग झाडून आत शिरायचे, हा जिनाचा धर्म त्याला तोंडपाठ होता. पण आईच्या चुलीचे गाडगे म्हणजे विस्तव, हे त्याच्या मनाला शिवलेच नव्हते. देव्हाऱ्यातल्या निरांजनाला कोणी आग म्हणते का? आईच्या कुशीला कोणी मांस म्हणते का? तशीच ती भूल. घरच्या देवाला त्याने देव म्हणूनच गाडीत बसवले होते.

"जमादार, कुळाचा इस्तू हाय. झाकलेला हाय. आमी हळूच जातो पुढं."

रूपसिंगाने काठी काखेत मारली आणि चक्क हात जोडले. "भाई, पाँव पडता हूँ. दूसरे गाँव के जिन में मैंने देखा है. एक बीडी, और बारा गाडियाँ. बैल भी नहीं छूटे."

पुढे वाट नाही, मागे वाट नाही. वाऱ्याची एक झुळूक आली आणि झाकणाच्या छिद्रातून एक बारीक ठिणगी वर उडाली. ती कुंपणावर विझली. पण शकुबाईची नजर तिच्या मागे गेली आणि पलीकडच्या गाडीवर थांबली. तिथे कापसावर एक बाळंतीण पदराखाली लेकराला पाजत बसली होती. भ्यायलेल्या डोळ्यांनी ती गाडग्याकडे पाहत होती. तिच्यामागे गाडी, त्या गाडीमागे गाडी. वर्षभराचा घाम पांढरा होऊन रांगेत उभा होता.

मांडीवर सासूचा शब्द, समोर शेकडो चुलींचा घास. गाडगे विझले तर हिंगोली गेली. आगगाडी गेली, बाजार गेला, नवऱ्याचे ते मोकळे हसू गेले. हे सगळे तिला कळत होते. कळूनही तिने गाडीतला तांब्याचा चंबू ओढला. पुसेगावच्या विहिरीचे पाणी होते त्यात.

"माफ कर, माय," ती म्हणाली, आणि झाकण काढून तिने पाणी ओतले.

चर्र झाले. पांढरी वाफ तिच्या तोंडावर आली. तिने काडीने राख चाळली, पुन्हा पाणी ओतले, निखारा काळा ठिक्कर झाल्याची खात्री केली आणि गाडगे रूपसिंगापुढे धरले. "बगा. आता भ्या न्हाई."

साऱ्या रांगेने सुस्कारा सोडला. रूपसिंगाने मुंडाशाला हात लावला. पलीकडची बाळंतीण नुसती पाहत राहिली. पण ते पाहणे शकुबाई जन्मात विसरली नाही.

ग्यानबाने कासरा ओढला. "काकूची अट... फिरवायची का गाडी?"

"कहाँ फिराएगा?" रूपसिंग म्हणाला. "पीछे सौ गाडियाँ खडी हैं. चलो आगे!"

पाहा भगवंताची लीला! जिला परत जायचे होते, तिच्यासाठी त्याने मागची वाटच बंद केली. गाडी पुढे सरकली ती थेट हिंगोलीत.

शकुबाई मात्र रडवेली झाली होती. उंबऱ्याशी ओल्या राखेचे गाडगे घेऊन ती ग्यानबाला म्हणाली, "भावजी, आत्याबाईंना तुमी सांगू नका. खोटं बोला म्हणत न्हाई. म्या माज्या तोंडानं सांगीन. मग त्या म्हनतील तसं."

"मी मुका," ग्यानबाने वचन दिले. त्या बोलक्या माणसाला हे किती जड होते, ते त्याचे तोच जाणे!

सांज झाली. नव्या खोलीतली चूल थंड होती. संतरामने खिशातून काडीपेटी काढली. शकुबाईने मान हलवली. अनाथ विस्तवावर पहिला घास शिजवायला तिचे मन घेईना. ती दारात येऊन बसली. समोरच्या घराच्या अंगणात इनायत कलईवाल्याची भट्टी धडधडत होती. भाता फुसफुसे, नवसागराचा धूर उठे, काळे पातेले विस्तवावर तापे, आणि कथलाचा हात फिरला की आतून चंद्र उगवावा तसे उजळे! तिचे दुःख क्षणभर पळाले.

इनायतची बायको मदीनाबी कमरेवर हात ठेवून उभी होती. गोल चेहरा, खणखणीत आवाज. "ओ नवी बाई! चूल्हा काहून नहीं पेटाया गं? आदमी को उपाशी मारती क्या?"

शकुबाईने घडले ते सगळे सांगितले. मदीनाबी ऐकत गेली, ऐकता ऐकता अंगणात बसली. शेवटी तिने चिमटा उचलला, भट्टीतले दोन ठसठशीत निखारे खापरावर घेतले, वर दोन गोवऱ्या ठेवल्या आणि थेट शकुबाईच्या उंबऱ्यावर आणून ठेवले.

"बहना, आग और पानी को कोण ना म्हणतो? उद्या माझी बुझली तर मैं तेरे दारात येते. हिसाब बराबर!"

आणि हिंगोलीतली पहिली भाकरी फुगली.

काय सांगावे त्या दिवसांचे! पहाटे जिनाचा भोंगा वाजे आणि सारी गल्ली एकदम जागी होई. पुसेगावात कोंबडा आरवला तरी दोन घरे निजलेलीच असत. विहिरीवर रहाट फिरे, दहा गावच्या दहा बोली ऐकू येत. कोणी कळमनुरीची, कोणी वऱ्हाडातली, कोणी तेलंगी बोलणारी. बाजारात कासाराच्या दुकानात हिरव्या चुड्यांचे डोंगर, अत्तरवाल्याच्या पेटीचा दरवळ, उर्दू पाट्यांची वळणदार अक्षरे. ती तिला वेलबुट्टीसारखी वाटत. सांजेला दुकानांत गॅसबत्त्या लागत आणि शकुबाई मदीनाबीला विचारी, "भाबी, इतका उजेड रोजच असतो का आज काही सण हाय?" मदीनाबी पोट धरून हसे.

दर दोन दिवसांनी ती स्टेशनाच्या तारेपाशी जाऊन उभी राही. इंजिन येई, डबे सोडी, पाणी पिई, वळे. तिला वाटे, हे माझेच चरित्र चालले आहे. इथवर आणणारी वाट सरली. आता पाणी पिऊन, दम घेऊन, दुसऱ्या टोकाने जुंपून घ्यायचे.

पण प्रत्येक आनंदाच्या तळाशी एक खडा. रोज रात्री निखारा राखेत निजवताना तिला वाटे, हा माझ्या सासूचा नव्हे. आठ दिवस गेले, पंधरा गेले, पुसेगावला जाणे जमेना. जिनात काम जोरात, संतरामला सुटी नाही. आणि खरे सांगायचे तर, पाऊलही उचलेना. सांगितले की गाठोडे बांधावे लागणार, हे तिला ठाऊक होते.

पौष लागला. एका दुपारी संतराम धापा टाकत आला. "शकू, माय रांगेत हाय!"

"कोणत्या रांगेत?"

"कापसाच्या! दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन ग्यानबासंगं आली. परवाच्याला आली, यंत्राचा पट्टा तुटला, रांग हलंना. घरी चल म्हनलं तर म्हणती, कापूस सोडून मी कुठं येत न्हाई. तीन दिसांपासून शिळी भाकर खाऊन राहिली."

शकुबाईने पीठ ओढले. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचे भरीत, लसणाचा ठेचा, वाफाळते पिठले. टोपले डोक्यावर घेतले आणि ती त्या रांगेकडे चालू लागली. वाटेत मनाशी म्हणत गेली, "नागनाथा, आता लपवायचं न्हाई."

कौसाबाई गाडीवर कापसाला टेकून बसल्या होत्या, राणीसारख्या. टोपल्यातला वास आला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आली का गं माझी शहरवाली! तीन दिस दगड चावून राहिले मी. ह्यो मेला जमादार काडी वढू देत न्हाई. आण हिकडं. आन् इस्तू कसा हाय आपला?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. घास तोंडाजवळ गेला.

"आत्याबाई, घास घेण्याआधी ऐका," शकुबाई म्हणाली. गाडीच्या चाकाला धरून तिने सगळे सांगितले. गाडगे, ठिणगी, बाळंतीण, चंबू. "इझला न्हाई त्यो, म्याच इझवला. ही भाकर मदीनाबीच्या इस्तवावरची हाय. तुमी म्हनाल तर आजच गाठुडं बांधते."

कौसाबाईंचा हात अर्ध्यावरच राहिला. ग्यानबा महिनाभर मुका राहून फुटायला आला होता; त्याचा धीर सुटला. "काकू, मुसलमानाच्या घरचा इस्तू! आता हो?"

"तू गप रं!" कौसाबाई म्हणाल्या. "कोन मदीनाबी? कुणाची?"

"इनायत कलईवाल्याची."

कौसाबाईंनी घास टोपल्यात ठेवला नाही. त्यांनी समोर पाहिले. पुढे पांढऱ्या गाड्या, मागे पांढऱ्या गाड्या, आणि मधोमध त्यांचा स्वतःचा कापूस, वर्षभराच्या वेचणीने बोटे फाडून गोळा केलेला. जवळून रूपसिंग काठी आपटत चालला होता. शकुबाईला पाहताच तो थांबला. "यही माई! सबके सामने अपने हाथ से बुझाया." आणि मुंडाशाला हात लावून पुढे गेला.

कौसाबाई ग्यानबाकडे वळल्या. "दोन साल मागं त्यो इनायत आपल्या पारावर भट्टी लावून बसला व्हता न्हाई का? माझं देवाचं पातेलं कुणी कलई केलं? त्याच्या इस्तवातनं निघालेल्या पातेल्यात मी तवापासून नैवेद्य शिजवून राहिले. देवाला चालतो, आन् मला चालंना?"

आणि त्यांनी घास तोंडात घातला. चावला. डोळे मिटले. "ठेचा तिखट झालाय," त्या म्हणाल्या, "पर भाकर ब्येस हाय."

शकुबाई रडू लागली, हसू लागली, दोन्ही एकदमच!

अर्धी भाकरी संपली आणि कौसाबाई अचानक थांबल्या. कपाळावर हात मारला. "अगं बया! मी निघताना एका दिसापुरती राख चढवून आले. आज तिसरा दिस. माझी चूल तिकडं थंड पडली असंल की गं!" पिढ्यान्पिढ्यांचा तो लाल डोळा मिटला होता, आणि मिटवणारी होती हीच रांग. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. शकुबाई घाबरली; पाहते तो काय, त्या हसत होत्या. "सून पाण्यानं इझवती, सासू आळसानं इझवती. कोणाला फिरवायची आता गाडी?"

सांजेआधी यंत्र चालू झाले, कापूस वजनकाट्यावर चढला. कौसाबाई सुनेच्या उंबऱ्यातून आत आल्या. चूल पाहिली, सारवण पाहिले, कोपऱ्यातले ते गाडगे पाहिले. शकुबाईने ते धुऊन पुसून जपून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "चल, ती तुझी फुकटची आगगाडी दाव." तारेपाशी उभे राहून त्यांनी इंजिन वळताना पाहिले, आणि शिट्टी वाजली तेव्हा सुनेचा हात इतका घट्ट धरला की काकणे वाजली.

परतताना मदीनाबीने स्वतः निखारे निवडले. "बाभूळ का है, मावशी, दूरपर्यंत जागेगा." कौसाबाईंनी गाडगे भरले. राख, गोवरी, निखारा, राख. आणि मांडीवर घेऊन म्हणाल्या, "ऐका रे. माझी आता दुसरी अट. ह्यो इस्तू पुसेगावात जिता पोचला, तर तुमी हिंगोलीतच राहायचं, आन् मी पुन्हा आडवी यायची न्हाई."

रूपसिंग गाडीपुढे चालला. रांगेची वाट सोडून, छावणीच्या बाजूने, जिकडे कापसाची एक काडीही नाही अशा लांबच्या रस्त्याने त्याने गाडी गावाबाहेर काढून दिली. शकुबाई वेशीपर्यंत गेली. छिद्रातून निघणारी धुराची ती बारीक रेघ दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

मग सुरू झाले वाट पाहणे. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शकुबाईचे लक्ष ना बाजारात, ना आगगाडीत. मदीनाबी चिडवी, "पोटात पोर असल्यासारखी दाराकडे बघती!" संक्रांतीच्या सकाळी दारात घुंगरांचा आवाज झाला. ग्यानबा उतरला, अगदी गंभीर तोंडाने.

"भावजी! काय झालं?"

"काय व्हायचं? नदीत बैल बसला, गाडगं पाण्याला टेकलं..."

शकुबाईने भिंत धरली.

"...आन् काकूनं त्ये डोक्यावर घेतलं, छातीभर पाण्यातनं चालत गेली! चूल पेटली, वैनी. ह्ये घ्या." त्याने पुरचुंडी सोडली. तिळाचे लाडू, अजून गुळाच्या ओलसर उबेचे. "निम्मे तुमाला, निम्मे मदीनाबीला. मोजून द्या म्हनली, न्हाईतर ती भांडंल."

शकुबाई पदर सावरत धावली ती थेट समोरच्या अंगणात, आणि सारी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडली, "भाबी, चूल पेटली!"

त्या गोष्टीला आज दहा वर्षे होऊन गेली. शकुबाईच्या लेकरांच्या बारशाच्या घुगऱ्या खरोखरच ग्यानबाच्या गाडीतून आल्या, एकदा नव्हे, तीनदा. गेली दोन साले मुलखात अविश्वासाचा धूर दाटला होता; शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे पाहू नये असे दिवस आले. त्या दिवसांतही त्या गल्लीत एका पहाटेचा खंड पडला नाही. जिची चूल विझे ती खापर घेऊन समोरच्या उंबऱ्यावर जाई, आणि दार उघडे. कधी शकुबाई जाई, कधी मदीनाबी येई. हिसाब बराबर.

हे नागनाथा, जिने तुझ्याप्रमाणे एका हाती विस्तव आणि एका हाती पाणी तोलले, त्या शकुबाईचा चुडा अखंड राहो. संतरामने बांधलेली गाठ सुटू नये, तिच्या लेकरांनी वळणारे इंजिन पाहावे आणि हवे तेव्हा पुढच्या रुळांवरही जावे. पुसेगावात कौसाबाईंनी राख सारावी, हिंगोलीत शकुबाईने सारावी, समोरच्या अंगणात मदीनाबीने सारावी, आणि तिन्ही घरी तुझा लाल डोळा प्रसन्न उघडावा. त्यांच्या भाकरीला पापुद्रा सुटो, पाहुण्याला पहिला घास मिळो, आणि विस्तव मागायला आलेल्या कोणाचेही खापर त्या उंबऱ्यावरून कधी रिकामे न जावो!